अर्धा प्रयोग क्यूंवर, अर्धा बोटांवर: एका फिरत्या कार्यक्रमासाठी प्रकाश-सॉफ्टवेअरची निवड

कार्यक्रम पावणेदोन तासांचा. पहिला भाग नाटकाचा: ६८ क्यू (ठरलेल्या क्षणी होणारे प्रकाशबदल), दर प्रयोगाला त्याच क्रमाने. दुसरा भाग संगीताचा: बारा-चौदा गाणी, पण पुढचं गाणं कोणतं हे गायक मंचावर उभं राहून ठरवतो. सभागृह दर प्रयोगाला नवं आणि लाइट चालवायला माणूस एकच. हाताशी एक लॅपटॉप, त्यावर विनामूल्य सॉफ्टवेअर, एक साधी यूएसबी-डीएमएक्स केबल (डीएमएक्स म्हणजे दिव्यांना आकडे पाठवण्याची प्रमाणित पद्धत) आणि २४ फेडरचा, म्हणजे सरकवायच्या दांड्यांचा, जुना डेस्क.

तक्रारी तीन होत्या. मूव्हिंग हेड (मोटरने फिरणारे दिवे) अधूनमधून थरथरतात. लांब फेड (प्रकाशाचा सावकाश चढ-उतार) सलग न उतरता पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. आणि नव्या सभागृहात हेडच्या पोझिशन (झोत कुठे पडायचा त्या जागा) परत लावण्यात तालमीची अख्खी वेळ जाते. या तिन्हींवर मिळून एकच मागणी आली: चांगलं सॉफ्टवेअर सुचवा.

हे प्रकरण एका विशिष्ट संघाचं नाही. फिरत्या कार्यक्रमांत नेहमी दिसणाऱ्या अडचणी एकत्र करून ते रचलं आहे, आणि आकडे असे घेतले आहेत की हिशोबाची पद्धत कुणालाही आपल्या कागदावर उतरवता यावी. त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष आधीच सांगतो: तीन तक्रारींपैकी सॉफ्टवेअरची तक्रार एकच होती. ती वेगळी काढली नसती, तर नवं सॉफ्टवेअर घेऊनही हेड थरथरतच राहिले असते.

चॅनेलची मोजणी

सॉफ्टवेअरचं नाव काढण्याआधी हा कागद लागतो (चॅनेल म्हणजे दिव्याच्या एका गुणधर्माचा आकडा, आणि दिवा किती चॅनेल घेणार हे त्याचा मोड ठरवतो):

- डिमर (साध्या दिव्यांची तीव्रता बदलणारे): ६ चॅनेलचे ४ पॅक, एकूण २४
- एलईडी पार (एका जागी स्थिर रंगीत दिवे): १२ नग, ८ चॅनेलचा मोड, एकूण ९६
- मूव्हिंग स्पॉट: ६ नग, २४ चॅनेलचा मोड, एकूण १४४
- मूव्हिंग वॉश (पसरट झोताचे हेड): ६ नग, १८ चॅनेलचा मोड, एकूण १०८
- एलईडी पिक्सेल बार: ८ नग, १८ पिक्सेल × ३ रंग म्हणजे ५४ चॅनेल, एकूण ४३२
- ब्लाइंडर (प्रेक्षकांकडे रोखलेले प्रखर दिवे): २ नग, प्रत्येकी २, एकूण ४
- हेझर (झोत दिसावेत म्हणून विरळ धुकं सोडणारं यंत्र): २ चॅनेल

बेरीज ८१०. एका डीएमएक्स युनिव्हर्समध्ये (एका ओळीवरून जाणाऱ्या चॅनेलच्या गटात) ५१२ चॅनेल मावतात, म्हणजे दोन युनिव्हर्स हवेत. पहिल्यावर बार सोडून सगळं (३७८), दुसऱ्यावर फक्त बार (४३२). बार एकत्र ठेवण्याचं कारण असं की ५४ चॅनेलचं फिक्स्चर (दिव्याचं उपकरण) दोन युनिव्हर्समध्ये तुटून चालत नाही, आणि एका युनिव्हर्सवर असे जास्तीत जास्त ९ बार बसतात. बारांचे पत्ते (प्रत्येकाचा पहिला चॅनेल) १, ५५, १०९, १६३, २१७, २७१, ३२५ आणि ३७९.

पहिल्या युनिव्हर्सवर पत्ते एकमेकांना चिकटवले नाहीत. डिमर १ ते २४, पार ४१ ते १३६, स्पॉट १५१ ते २९४, वॉश ३०१ ते ४०८, ब्लाइंडर ४२१ ते ४२४, हेझर ४३१-४३२. मधली मोकळी जागा वाया जात नाही. एखादा स्पॉट बिघडून त्या जागी २६ चॅनेलचा दुसरा आला, तर आधीचे पाच जागेवर राहतात, शेवटच्याचा पत्ता २७१ तोच राहतो आणि तो २९६ वर संपतो. पुढच्या वॉशना हात लावावा लागत नाही.

बार पूर्ण पिक्सेल मोडमध्ये चालवावेत का, हा खरा प्रश्न होता. ६ चॅनेलच्या साध्या मोडमध्ये आठ बार ४८ चॅनेल घेतात, एकूण आकडा ४२६ वर येतो आणि एका युनिव्हर्सवर सगळं भागतं. नाटकाला पिक्सेल लागत नाहीत, संगीताला लागतात, म्हणून दोन युनिव्हर्स ठेवले. हा निर्णय सॉफ्टवेअर निवडण्याआधीच व्हायला हवा, कारण बऱ्याच विनामूल्य किंवा प्राथमिक परवान्यांची मर्यादा युनिव्हर्सच्या किंवा चॅनेलच्या संख्येवरच असते.

थरथर: दोष केबलीतल्या चिपचा

डीएमएक्स-५१२ चा वेग सेकंदाला अडीच लाख बिट. प्रत्येक चॅनेलला ११ बिट, म्हणजे ४४ मायक्रोसेकंद. ५१२ चॅनेलची पूर्ण फ्रेम जायला सुमारे २२.७ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे सेकंदाला साधारण ४४ फ्रेम ही वरची मर्यादा. प्रत्येक फ्रेमआधी ‘ब्रेक’ नावाचा ठरावीक लांबीचा खंड पाठवावा लागतो.

साध्या यूएसबी केबलीत, म्हणजे एन्टेकच्या ओपन डीएमएक्स या रचनेवरच्या इंटरफेसमध्ये, स्वतःचा प्रोसेसर नसतो. नुसती सीरियल चिप असते. ब्रेक कधी द्यायचा आणि फ्रेम कधी सुरू करायची हे लॅपटॉपच ठरवतो. त्याच लॅपटॉपवर ध्वनीचं सॉफ्टवेअर चालू असलं की ऑपरेटिंग सिस्टीम दुसऱ्या कामात गुंतते आणि फ्रेममधलं अंतर कमीजास्त होतं. पार हे निमूट सोसतात. मूव्हिंग हेडच्या मोटर मात्र प्रत्येक गडबडीला प्रतिसाद देतात, म्हणून दोष तिथे आधी दिसतो.

हे ताडून बघायला दहा मिनिटं पुरतात. दोन मीटरची केबल, एकच हेड, शेवटी टर्मिनेटर (ओळीचं टोक बंद करणारा रोधक). बाकी सगळे प्रोग्राम बंद करून हेड सावकाश फिरवा, मग ध्वनीचं सॉफ्टवेअर उघडून तेच करा. आता थरथर आली तर दोष इंटरफेसचा. इथे सगळं ठीक आणि पूर्ण मांडणीत फक्त लांबचे हेड थरथरत असतील, तर वायरिंग तपासा: शेवटी पिन २ आणि ३ मध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर आहे का, मध्ये माइकची केबल घुसली आहे का, एका ओळीवर ३२ पेक्षा जास्त उपकरणं आहेत का, सिग्नल नीट वाटून देणाऱ्या स्प्लिटरऐवजी साधा वाय-जोड तर नाही ना. या प्रकरणात थरथर दोन मीटरवरही आली.

उपाय दोन प्रकारचे. स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरी असलेला यूएसबी इंटरफेस घ्यायचा, म्हणजे लॅपटॉप अडखळला तरी फ्रेम ठेक्यात जात राहतात. किंवा इथरनेट नोड, म्हणजे नेटवर्कवरून आलेल्या आकड्यांचं डीएमएक्स करणारा डबा, घ्यायचा. युनिव्हर्स दोन आणि पुढे बॅकअपही हवा असल्यामुळे चार पोर्टचा, आर्ट-नेट आणि एसएसीएन (नेटवर्कवरून डीएमएक्स नेण्याच्या दोन पद्धती) दोन्ही समजणारा नोड ठरला. चार पोर्टपैकी दोनवर पहिलं युनिव्हर्स (एक ओळ डिमर आणि पार, दुसरी हेड, ब्लाइंडर आणि हेझर), तिसऱ्यावर बार, चौथा राखीव.

पायऱ्या: दोष मोडचा

आठ बिटच्या चॅनेलला ० ते २५५ एवढ्याच पातळ्या. पहाटेचा ६० सेकंदांचा फेड त्यावर चालवला तर एक पायरी सुमारे पाव सेकंद टिकते. दिव्याची तार हळू थंड होते, त्यामुळे जुन्या दिव्यांत हे लपून जायचं. एलईडी तत्क्षणी बदलतो, आणि अंधाराच्या जवळ तर एकेक पायरी डोळ्याला टोचते. इथे सॉफ्टवेअर बदलून काहीच साधत नाही. फिक्स्चरमध्ये १६ बिट डिमरचा मोड निवडायचा, तो नसेल तर मेनूतलं डिमर स्मूदिंग चालू करायचं. सॉफ्टवेअरकडून अपेक्षा एवढीच, की प्रोफाइलमध्ये (दिव्याच्या चॅनेलच्या यादीत) सूक्ष्म चॅनेल, म्हणजे १६ बिटचा बारीक भाग, नोंदवता यावा आणि फेड दोन्ही चॅनेल धरून मोजला जावा.

हेच गणित पॅनला (हेडच्या आडव्या फिरण्याला) लावलं की आठ बिटचा मोड का नको ते कळतं. ५४०° चा पॅन २५५ भागांत विभागला तर एक पायरी २.१ अंशांची, १० मीटरवर प्रकाशाचा ठिपका तब्बल ३७ सेंटीमीटर उडी मारतो. सोळा बिटमध्ये तीच पायरी ०.००८ अंश. म्हणून स्पॉटला कमी चॅनेलचा मोड देऊन काटकसर करायची नाही.

पोझिशन: ही तक्रार मात्र सॉफ्टवेअरची

६८ क्यूंपैकी ४० क्यूंत मूव्हिंग हेड वापरले आहेत. चालू सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सीनमध्ये पॅन-टिल्टचे (आडव्या-उभ्या फिरण्याचे) आकडे थेट लिहिलेले होते. नव्या सभागृहात हेड टांगायचा पाइप एक मीटर वर-खाली झाला की १२ हेड × ४० क्यू, म्हणजे ४८० दुरुस्त्या.

पॅलेटवर आधारलेल्या सॉफ्टवेअरमध्ये क्यू आकडा धरत नाही, संदर्भ धरतो. ‘मध्य पुढे’, ‘खुर्ची’, ‘डावी विंग’, ‘ढोलक’, ‘प्रेक्षक’ अशा जागांचे पॅलेट एकदा करायचे आणि क्यूंत त्यांचीच नावं वापरायची. या कार्यक्रमाला ९ जागा पुरल्या. नव्या सभागृहात ९ × १२, म्हणजे १०८ दुरुस्त्या; सगळे क्यू आणि सगळी गाणी आपोआप जागेवर येतात. त्यातही चार-पाच जागा सगळ्या हेडना लागत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा आणखी खाली येतो. सगळ्यात वजनदार निकष हाच ठरला.

अट एकच, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात: क्यू रेकॉर्ड करताना हेड खरंच पॅलेटवरूनच लावलेला असला पाहिजे. पॅलेट लावून वर चाकाने थोडंसं सरकवलं, की त्या क्यूत आकडा जातो आणि संदर्भ तुटतो. पुढच्या सभागृहात तो एकच क्यू भलतीकडे बघत उभा राहतो.

निकष आणि त्यांचा क्रम

पॅलेटनंतर दुसरा निकष ट्रॅकिंगचा. नाटकात क्यू २३ आणि २४ मध्ये तालमीला एक नवा क्यू शिरतो, हे होतच राहतं. ट्रॅकिंग असलेल्या यादीत बदल पुढे वाहतो, आणि तो थांबवायचा असेल तर ‘फक्त याच क्यूपुरता’ असं सांगता येतं. सॉफ्टवेअरने दोन्ही करू द्यायला हवं, शिवाय क्यू १२ वरून थेट ४१ वर उडी मारली तरी रंगमंचाची स्थिती ४१ चीच दिसली पाहिजे. तालमीत दिग्दर्शक ‘तिसऱ्या प्रवेशापासून घ्या’ म्हणतो तेव्हा याची कसोटी लागते.

तिसरा, अंधारात सरकणं. हेड विझलेला असतानाच पुढच्या जागेवर जाऊन थांबला पाहिजे. नाहीतर प्रकाश उजळता उजळता झोत भिंतीवरून सरपटत येतो. काही सॉफ्टवेअर हे स्वतः करतात, काहींत हाताने मधला क्यू घालावा लागतो. ४० क्यूंत हातानं घालणं शक्य आहे, पण क्रम बदलला की सगळे मधले क्यू पुन्हा तपासावे लागतात.

चौथा, संगीताचा भाग. इथे यादी कुचकामी. आठ-दहा फेडर, रंगाच्या पॅलेटची जाळी, टॅप-टेम्पो (बोटाने ठेका देण्याची सोय) आणि गाण्याच्या चालीशी जुळणारे इफेक्ट हाताखाली हवेत. माउसने हे होत नाही. एका वेळी एकच गोष्ट धरता येते. कोर्ग नॅनोकंट्रोल२ सारखा ८ फेडरचा मिडी कंट्रोलर (मिडी म्हणजे वाद्य-यंत्रांची संदेशपद्धत) कमीत कमी लागतो. मात्र मिडीचा साधा संदेश ० ते १२७ एवढाच असतो, त्यामुळे हाताने सावकाश ओढलेला फेड पायऱ्या दाखवतो. सावकाश फेड क्यूच्या वेळेवर सोडायचे, फेडर चटकन होणाऱ्या बदलांना ठेवायचे.

पाचवा निकष परवान्याचा. त्यात तीन प्रश्न: आउटपुट किती युनिव्हर्सचं मिळतं, कोणत्या हार्डवेअरशिवाय ते बंद पडतं, आणि मिडी व टाइमकोड (ध्वनीबरोबर धावणारं घड्याळ) त्याच परवान्यात खुले आहेत का. माहितीपत्रकात ‘विनामूल्य’ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा फक्त प्रोग्रॅमिंगपुरतं असतं. अटी आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून जी आवृत्ती वापरणार तीच लॅपटॉपवर चढवून नोडच्या स्क्रीनवर आकडे हलताना बघायचे. हलले तर मिळालं.

टाइमकोडला इथे वजन दिलं नाही. वादक क्लिकवर (कानात ऐकू येणाऱ्या ठरलेल्या ठोक्यावर) वाजवत नाहीत, तेव्हा टाइमकोडचा उपयोग नाही. नाटकातले ध्वनीचे ११ क्यू ओएससी (नेटवर्कवरून जाणारे आदेश) किंवा मिडीने प्रकाशाला जोडता येतात, पण एकाच क्यूला दोन ठिकाणांहून ‘गो’ (पुढचा क्यू सुरू करण्याचा आदेश) मिळू द्यायचा नाही. नाहीतर एक दिवस यादी एका पाऊलाने पुढे निघून जाते.

कोण कुठे बसतं

क्यूएलसी प्लस मुक्तस्रोत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स आणि रास्पबेरी पाय या सगळ्यांवर चालतं, आर्ट-नेट आणि एसएसीएन दोन्ही बोलतं, आणि आउटपुटला परवाना आडवा येत नाही. व्हर्च्युअल कन्सोल हवा तसा रचता येतो. कायमची बसवलेली मांडणी, शाळेचं सभागृह, कमी हेड असतील तर हेच घ्यावं असं ठामपणे सांगता येतं. पण ४ क्रमांकाच्या मालिकेची रचना सीनमध्ये थेट किमती ठेवणारी आहे, थिएटरच्या अर्थाने ट्रॅकिंग नाही. आपला पहिला निकषच तिथे अडतो.

लाइटकी फक्त मॅकवर चालतं, आणि त्याची विनामूल्य आवृत्ती २४ चॅनेलपुरती आहे. बॅकअपचा दुसरा लॅपटॉप कोणताही मिळावा ही गरज असल्याने ते बाजूला ठेवलं. उत्पादकाच्या इंटरफेसला बांधलेली डीजे-धाटणीची सॉफ्टवेअर रंग आणि चेससाठी (एकामागून एक पेटणाऱ्या दिव्यांसाठी) झटपट आहेत. ६८ क्यूंच्या नाटकाला मात्र त्यांची यादी अपुरी पडते.

ईओएस हे ईटीसीचं सॉफ्टवेअर संगणकावर चालवायचं तर ईटीसी नोमॅडची किल्ली (परवान्याची) लागते. किल्लीशिवाय प्रोग्रॅमिंग होतं, आउटपुट नाही. नाटकासाठी त्याची यादी, ट्रॅकिंग आणि अंधारातलं सरकणं अत्यंत विश्वासार्ह. कार्यक्रम नुसत्या नाटकाचा असता तर निवड इथेच संपली असती. गाणी हाताने चालवणंही त्यात जमतं, पण एकट्या ऑपरेटरला त्यासाठी बरीच मांडणी आधी करून ठेवावी लागते.

ग्रँडएमए३ ऑनपीसी उलट बाजूला: संगीताला भक्कम, नाटकालाही पुरेसं, पण प्रत्यक्ष आउटपुटसाठी त्याच घरचं हार्डवेअर लागतं आणि शिकायला आठवडे जातात. आधीपासून ते जाणणारा ऑपरेटर असेल तर प्रश्नच नाही. इथे नव्हता.

मॅजिकक्यूमध्ये पॅलेट, क्यू-स्टॅक (क्यूंची यादी), ट्रॅकिंगचा पर्याय, अंधारातलं सरकणं, फिक्स्चर बदलून घेण्याची सोय आणि हाताने चालवायला एक्झिक्यूट खिडकीची जाळी हे सगळं आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मिडी आणि दूरनियंत्रणासारख्या गोष्टी बेभरवशाच्या राहू नयेत म्हणून उत्पादकाचं छोटं हार्डवेअर जोडण्याची तरतूद हिशोबात धरली.

चाचणी: एक लॅपटॉप, एक हेड, एक बार

तुलनेचे तक्ते वाचून निर्णय घेतला नाही. उरलेल्या दोन उमेदवारांना, म्हणजे ईओएस आणि मॅजिकक्यूला, तीच कामं दिली. आणि ती त्याच ऑपरेटरने केली, जो प्रयोगाला बसणार आहे. दुसऱ्या कुणाचा वेग इथे उपयोगाचा नाही.

एक: पूर्ण कागद पॅच करणं (दिवे आणि त्यांचे पत्ते सॉफ्टवेअरमध्ये नोंदवणं), अर्ध्या तासाच्या आत. दोन: संग्रहात नसलेल्या फिक्स्चरचं प्रोफाइल माहितीपुस्तिकेवरून बनवणं. इथे डिमर आणि शटर वेगळे आहेत का, पॅनचा सूक्ष्म चॅनेल लगेच पुढे आहे की दूर, आणि ‘दिवा बंद’ किंवा ‘रीसेट’ची किंमत कोणत्या चॅनेलवर आहे, हे बघायचं. जीडीटीएफ फाइल (फिक्स्चरचं तयार प्रोफाइल) मिळत असेल तर काम सोपं होतं, तरी ती फिक्स्चरच्या नेमक्या मोडशी ताडूनच घ्यायची. तीन: क्यू २३.५ घुसवणं आणि २४ ते ३० बदलले नाहीत हे दाखवणं. चार: ‘मध्य पुढे’ पॅलेट बदलून पाच वेगवेगळ्या क्यूंत तो लागू झाला का बघणं. पाच: एक स्पॉट दुसऱ्या बनावटीच्या हेडने बदलणं, क्यू न हरवता. सहा: खोलीत अंधार करून, पंधरा मिनिटं कोणत्याही गाण्यावर हाताने प्रकाश चालवणं आणि नंतर झटका न देता यादीत परत येणं.

सहावी कसोटी निर्णायक ठरली. ईओएसने पहिली पाच सहज पार केली. गाण्यांत मात्र ऑपरेटरला स्क्रीनकडे बघावं लागत होतं, मंचाकडे नाही. मॅजिकक्यूत यादी पहिल्या प्लेबॅकवर (फेडर-बटणांच्या पहिल्या खान्यावर) आणि गाण्याचे घटक बाकीच्या नऊवर ठेवता आले, त्यामुळे दोन्ही भाग एकाच पानावर बसले. निवड तिथे झाली. ऑपरेटर नाटकाच्या मुशीतला असता तर हीच कसोटी उलटी लागू शकली असती, आणि ते तितकंच बरोबर ठरलं असतं.

सातवं काम निवडीनंतर केलं: चार तास सलग, दोन्ही युनिव्हर्सवर, इफेक्ट चालू ठेवून. परवान्यातली कालमर्यादा, तापलेला लॅपटॉप, आपोआप झोपी जाणारा यूएसबी पोर्ट, हे सगळं तिसऱ्या-चौथ्या तासातच कळतं.

जाळं आणि बॅकअप

नोड आणि दोन लॅपटॉप एका साध्या स्विचवर, वायफाय पूर्ण बंद. पत्ते हाताने दिले: मुख्य लॅपटॉप २.०.०.१०, बॅकअप २.०.०.११, नोड २.०.०.५०, मास्क २५५.०.०.०. सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्क कार्ड नावानिशी निवडायचं. आउटपुट वायफायच्या कार्डावर जाणं ही पहिल्या दिवसाची ठरलेली चूक. फायरवॉलमध्ये यूडीपी ५५६८ (एसएसीएन) आणि ६४५४ (आर्ट-नेट) मोकळे करायचे. आकड्यांची एक खोड लक्षात ठेवावी: आर्ट-नेटचं पहिलं युनिव्हर्स ०, एसएसीएनचं १. बार पेटत नाहीत आणि पार वेड्यासारखे चमकतात, तेव्हा आधी हेच बघावं.

एसएसीएन निवडण्याचं कारण प्राधान्य. प्रत्येक स्रोत आपल्यासोबत ० ते २०० मधला आकडा पाठवतो, मूळ आकडा १००. नोड मोठ्या आकड्याचं ऐकतो. मुख्य लॅपटॉप १०० वर, बॅकअप ९० वर. मुख्य गप्प झाला तर अडीच सेकंदांनी नोड त्याला सोडून बॅकअपकडे वळतो. तोवर शेवटची स्थिती टिकून राहते. आर्ट-नेटमध्ये असं प्राधान्य नाही, दोन स्रोतांचं विलीनीकरण होतं आणि गप्प झालेला स्रोत सुटायला दहा सेकंद लागतात.

बॅकअप लॅपटॉपवर तोच शो चढवला, पण त्याला क्यूच्या मागे पळवलं नाही. तो सतत एकच स्थिती पाठवतो: समोरचा उबदार प्रकाश ७०%, हेड विझलेले, बार मंद निळे. नट अंधारात अडखळणार नाही एवढी हमी हवी होती. नेमका क्यू मिळायला ऑपरेटर दहा सेकंद घेऊ शकतो. दोन यंत्रं एका क्यूवर ठेवण्याच्या व्यवस्था आहेत, पण एकट्या माणसाला त्या सांभाळणं हेच नवं संकट होतं.

एक बारीक सापळा इथे आहे. सॉफ्टवेअर पडद्यावर गोठतं, पण जाळ्यावर जुनेच आकडे पाठवत राहतं. नोडच्या दृष्टीने मुख्य लॅपटॉप जिवंत असतो आणि बॅकअपला पाळी मिळत नाही. अशा वेळी मुख्य लॅपटॉपची नेटवर्क केबल उपटायची. त्या केबलीला लाल पट्टी लावून ठेवली आहे.

जुना २४ फेडरचा डेस्क टाकून दिला नाही. डिमर पॅकांच्या आधी एचटीपी मर्जर घालून तो जोडला. दोन्हींत जी किंमत मोठी ती दिव्याला जाते. प्रयोगात सगळे फेडर शून्यावर असतात. सगळंच बंद पडलं तरी समोरचे दिवे हाताने वर येतात. मर्जर फक्त डिमरच्या फांदीवर ठेवायचा, म्हणून पहिल्या पोर्टनंतर ऑप्टिकली वेगळा स्प्लिटर लागला. त्याच फांदीवर पार असते आणि डेस्कचा एखादा फेडर त्यांच्या पत्त्यावर लागला असता, तर तो चुकून वर राहून त्यांच्या स्ट्रोबमध्येही (लुकलुकण्यातही) घुसला असता.

नोडचा ‘सिग्नल गेला तर’ हा पर्याय ‘शेवटची स्थिती धरून ठेव’ असा आहे याची खात्री करावी. काही नोड कारखान्यातून ‘अंधार’वर येतात.

सभागृहात उतरल्यावरचा क्रम

पत्ते आणि मोड फिक्स्चरवर तपासून पहिला अर्धा तास. मग प्रत्येक हेडची दिशा: उलटा टांगला असेल तर पॅन-टिल्टची उलटापालट पॅचमध्येच करायची, पॅलेटमध्ये नाही. त्यानंतर ९ पोझिशन, सगळ्यात जास्त वापरली जाणारी आधी. रंगाचे पॅलेट शेवटी, आणि तेही समोर माणूस उभा करून; पार आणि वॉशचा ‘उबदार पांढरा’ सारखा क्वचितच निघतो. शेवटी यादी १ ते ६८ धावती, फक्त मूव्हिंग हेडच्या क्यूंवर थांबत. वेळ कमी पडला तर गाण्यांच्या पोझिशनना कात्री लावायची, नाटकाच्या नाही.

दर टप्प्याला फाइल नव्या नावाने साठवायची, सभागृह आणि तारीख धरून, आणि बाहेरच्या पेनड्राइव्हवर प्रत. जुन्या सभागृहाची फाइल पुढे कधी तिथेच प्रयोग लागला तर तासभर वाचवते. सॉफ्टवेअरची आवृत्ती दौऱ्याच्या मध्ये बदलायची नाही. बदलली तर दोन्ही लॅपटॉपवर एकदम, कारण नव्या आवृत्तीत साठवलेला शो जुन्यात उघडेलच असं नाही.

राहिलेलं

दोन त्रुटी उरल्या. सभागृहातलाच व्यवस्थापनक्षम (सेटिंग बदलता येणारा) स्विच वापरावा लागला, तर एसएसीएन चार-पाच मिनिटं नीट चालून अचानक थांबू शकतं. त्या स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (कोणाला कोणती माहिती हवी याची नोंद ठेवणं) चालू असतं पण ती नोंद ताजी करणारा क्वेरियर नसतो, आणि सदस्यत्वाची मुदत, साधारणपणे २६० सेकंद, संपली की स्विच मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारी माहिती) अडवतो. स्वतःचा साधा स्विच सोबत नेणं हाच सोपा उपाय. नाहीतर एसएसीएन युनिकास्टवर (थेट नोडच्या पत्त्यावर) टाकायचं.

दुसरी, मंचापर्यंत एकच डीएमएक्स ओळ असलेली सभागृहं. तिथे नोड मंचावर नेऊन नेटवर्क केबल ओढता येत नसेल तर दुसरं युनिव्हर्स पोहोचत नाही. त्यासाठी शोची दुसरी फाइल तयार आहे: बार ६ चॅनेलच्या मोडमध्ये, पत्ते ४४१ पासून ४८८ पर्यंत, पिक्सेलचे इफेक्ट काढून त्यांच्या जागी साधे रंग. आठही बारांच्या मेनूत जाऊन मोड आणि पत्ता बदलावा लागतो, आणि ते शिडी हलवण्याआधी आठवलं पाहिजे.